अकोल्याची बाजू

दुसऱ्या फेरीतही अकोल्याच्या दिशेला येताच मीटरची सुई खाली पडली. उदयसिंग बांधावर तसाच उभा राहिला.

छप्पन सालचा वैशाख. आसेगावला पटकीची छावणी पडली होती आणि तो तिथं वायरलेस चालवायला आलेला पोलीस. वादळानं तारेचे खांब आडवे केले होते. सलाईन संपत आलं होतं; सायकलवर माणूस वाशीमला पाठवला, तरी औषध यायला दुसरा दिवस उजाडला असता. सकाळपासून उदयसिंग वायरलेसच्या सेटवरून अकोल्याला हाका मारत होता. उत्तर नव्हतं.

शेवटी सेट चालू ठेवून तो लहरीचा जोर मोजायचं मीटर घेऊन एरियलच्या खांबाभोवती फिरला. लहर कुठं जाते, कुठं अडते ते पाहायला. तेवढ्यातही बॅटरी उतरत होती. जवळचं माप फसवं असतं, म्हणून एक फेरी खांबाजवळून, एक लांबच्या बांधावरून. दोन्ही जुळल्या, तरच दूर काय पोचत असेल याचा अंदाज येतो. मंगरूळकडे सुई उडत होती. अकोल्याकडे दोन्ही वेळा मेलेली.

त्याच बाजूला, खांबाला लागून, रोग्यांची पत्र्याची शेड होती. कालच उभारलेली.

डॉक्टर विजयमालाबाई सलाईनची शेवटची बाटली लावून बाहेर आल्या.

"बाई, पत्रे आडवे येऊन राह्यले," उदयसिंग म्हणाला. "काढा लागतात."

"या उन्हात? खांब हलवा ना."

"तो उतरवून पुन्हा उभा करता करता सांज होते."

बाईंनी वळून शेडकडे पाहिलं. "पत्रे काढले की निरोप नक्की जाईल?"

"नक्की कसं सांगू? मी इथंच मोजलं. अकोल्यातलं इथून अंदाजानंच."

शेडच्या दारात गोमतीबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"काढा भाऊ. कायले थांबता? सावलीत तरी कोण वाचून राह्यलं?"

छावणीतल्या गड्यांनी पत्रे बांधलेल्या तारा तोडल्या. पत्रा उतरेल तसं ऊन एकेका खाटेवर आलं. कुणी कण्हलं. कुणी हात डोळ्यांवर घेतला, कुणी घेतला नाही.

पुन्हा मोजून पाहण्याइतकी बॅटरी उरली नव्हती. उदयसिंगनं सरळ अकोल्याला हाक दिली. नुसती खरखर. पुन्हा दिली. घसा बसला होता. मग तो फक्त "आसेगाव, आसेगाव" एवढंच म्हणत राहिला.

"अकोला ऐकतंय. बोला, आसेगाव."

त्यानं सलाईन मागितलं.

"जीप लगेच सोडतो. रोगी किती?"

उदयसिंगनं वळून पाहिलं. विजयमालाबाईंनी सकाळचा आकडा सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या उन्हातल्या खाटांकडे मोजायला गेल्या.