विमानाचे पैसे

"विमान आलं कां?" अप्पांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

त्यांच्या लेकीनं, कनकलतानं, चमच्यानं त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं. "येईल आज," ती म्हणाली. कालही ती हेच म्हणाली होती.

अप्पांच्या तोंडी विमानाचं नाव यावं, हीच मुळात नवलाची गोष्ट. अप्पांचा, म्हणजे चिदंबररावांचा, अख्खा जन्म रेल्वेत गेला. तंजावूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी, प्रवास पासावर, आणि निवृत्त झाल्यावरही घरातलं घड्याळ गाडीच्या शिट्टीवर लावायची खोड. विमानानं जाणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर मंत्री, नाहीतर मूर्ख. "दोन महिन्यांचा पगार आभाळात उधळायचा, आणि खिडकीतून साधी कॉफीदेखील घेता येत नाही," असं ते म्हणत. गेल्या दीपावळीला मुलगा दिल्लीहून आला, तेव्हाच काय ते नरमले. गुरुमूर्ती म्हणाला होता, "अप्पा, गाडीनं मला तीन दिवस लागतात. तुमच्यासाठी विमानाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. तुम्ही बोलवा, दुसऱ्या दिवशी त्रिचीला उतरतो." अप्पांनी ते हसण्यावारी नेलं. पण शेजारच्या वेंकूबाईंना पुढं महिनाभर तेच ऐकवत होते.

सोमवारी डॉक्टरांनी कनकलताला ओट्यावर बोलावून सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा. ती तशीच तार ऑफिसात धावली. 'अप्पा सीरियस, ताबडतोब नीघ.' या घरातून गेलेल्या सगळ्या तारा आजवर अप्पांनीच लिहिल्या होत्या. शब्द तिला पाठ होते. कृष्णस्वामी तारबाबू म्हणजे अप्पांचे जुने स्नेही. त्यांनी तार वाचली, चष्मा काढून पुसला आणि पावती देताना तिच्याकडे पाहिलं नाही. "धीर धर, अम्मा," एवढंच म्हणाले. तिला तेवढ्यानंही बरं वाटलं.

मंगळवार गेला. त्रिचीच्या बाजूनं येणारी प्रत्येक मोटार दारात थांबेलसं तिला वाटे, आणि ती पुढं निघून जाई. बुधवारी तिनं दुसरी तार केली. तिचंही उत्तर नाही. "मद्रासला विमान चुकलं असेल," वेंकूबाई सकाळी म्हणाल्या. दुपारी त्यांचा सूर बदलला. "पैसा सुटला नसेल त्याच्या हातनं. शेवटी बापाचाच मुलगा." कनकलताला त्यांचा राग आला, पण भावाचा त्याहून जास्त आला. राग करून तरी काय होणार? अप्पांचा श्वास तिला धरून ठेवता येत नव्हता, आणि विमान ओढून आणता येत नव्हतं. ती पंख्यानं वारा घालत राहिली.

स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की अप्पा डोळे उघडत. जन्मभर ज्या शिट्टीवर घड्याळ लावलं, तिला आता मानेनंच नको म्हणत. "ही नव्हे. तो विमानानं येऊलाय." मग पुन्हा दाराकडे बघत राहत.

गुरुवारी उजाडता उजाडता अप्पा गेले. डोळे मिटायचं काम कनकलतालाच करावं लागलं.

बाहेर लोक जमू लागले होते, तेवढ्यात स्टेशनवरून एक घोड्याचा जटका येऊन दारात थांबला. गुरुमूर्ती उतरला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पायांत वहाणा नाहीत. माणसं पाहून तो बिचकला नाही. जणू ती तिथं असणारच होती.

कनकलता दारात आडवी उभी राहिली. "गाडीनं आलास?" ती म्हणाली. "विमानाचे पैसे वेगळे ठेवलेत म्हणालास ना?"

"आहेत की." त्यानं सदऱ्याच्या आतून रुमालात बांधलेलं पुडकं काढून तिच्या हातावर ठेवलं. "दिवसकार्याला होतील म्हणून जपून आणलेत. गेलेल्या माणसासाठी विमान कशाला, अक्का? कितीही धावलों तरी अग्नी द्यायला पोचलों नसतों."

मग तिच्या खांद्यावरून त्याला आतलं दिसलं. जमिनीवर अप्पा, उशाशी दिवा. तो चांगलाच गोंधळला. "अजून नेलं नाही कां? सोमवारपासून तसंच ठेवलंत?"

"सोमवारपासून कसं? आज पहाटे गेले. काल रात्रीपर्यंत तुझं विमान विचारत होते."

गुरुमूर्ती चौकट धरून खाली बसला.

"तारेत सीरियस लिहिलंस," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा अप्पांनी मला हेच लिहिलं. काका गेले तेव्हाही हेच. मेल्याचं तारेत लिहूं नये, एकटा माणूस वाटेत खचतो, असं त्यांचंच म्हणणं."

कनकलताला ते ठाऊक होतं. पण माणूस खरोखरच जिवंत असला तर तारेत काय लिहायचं, ते अप्पांनी कोणालाच शिकवलं नव्हतं. तिच्या हातातलं पुडकं तसंच होतं.

"तार वाचली त्या संध्याकाळीच," गुरुमूर्ती म्हणाला, "मी अप्पांच्या नावानं आंघोळ केली, अक्का."