आधी कोण चढणार

जेवणाच्या ताटल्या बाजूला सारून लारूने टेबलावर नकाशा पसरला. त्याचा एक कोपरा सारखा वळत होता, त्यावर तिने जॅमची बरणी ठेवली. चर्चमधून आलं की थेनचं रविवारचं जेवण इथेच असायचं. तिचा मुलगा जॅरम घळीत वाहून गेला, तेव्हा त्याच्याबरोबर थेनच होता. त्यानंतर त्याने एक रविवार चुकवला नव्हता. जॅरम तिला मॉम म्हणायचा. आता थेनही म्हणायचा, आणि तिला ते हवंहवंसं वाटायचं. थेनला तरी दुसरं घर कुठे होतं?

जॅरम गेला ती जागा लारूला एकदा डोळ्यांनी बघायची होती. थेनने दोन वर्षं टाळाटाळ केली. कधी गुडघा दुखायचा, कधी कामातून सुट्टी मिळायची नाही. शेवटी लारूच्या नवऱ्याने, रूलनने, तिघांच्या नावाने घळीत उतरायचा परवानाच काढून आणला. गुडघा आता बरा झाला असं मी धरून चालतो, एवढंच तो म्हणाला. बेत ठरला. पावसाळी ढग सरले की पाठीवर सॅक टाकून घळीत उतरायचं, आत दोन रात्री काढायच्या आणि नदीच्या बाजूने बाहेर पडायचं.

रूलन जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि एकेक वस्तू ताणकाट्याला लटकवून वजन करत होता. पाण्याचंच ओझं सगळ्यात जास्त होणार म्हणून तो कुरकुरत होता. लारूने त्याच्या पोटाकडे बघून सांगितलं की पाण्याची काळजी राहू दे, चिंचोळ्या जागी तुला लोणी फासून ढकलायचं कोणी, ते आधी ठरवू. थेनही हसला.

मग पेन्सिल घेऊन तो वाट समजावू लागला. या दोघांच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही, एवढं एकच त्याच्या मनात होतं, म्हणून तो काहीही गाळत नव्हता. वरच्या कड्यावरून दोराने उतरायचं आणि दोर खाली ओढून घ्यायचा. एकदा तो ओढला की माघार नाही. मग चिंचोळा भाग लागतो, तिथे दोन्ही खांदे कातळाला घासतात.

"इथेच पाणी आलं," तो म्हणाला. "जॅरम मागे होता. मी कपारीत चढलो, तो वाहून गेला."

हे त्याने शेरीफला सांगितलं होतं, बिशपला सांगितलं होतं, या टेबलावरही सांगितलं होतं. आता ते न अडखळता यायचं. जॅरमचा देह पार खाली, नदीजवळ सापडला होता. शंका घ्यायला कुणाला कारणच नव्हतं.

पेन्सिल पुढे सरकली. चिंचोळा भाग संपला की रांजण. कातळात पाण्याने कोरलेला खोल खड्डा, भिंती काचेसारख्या गुळगुळीत, बाजूने वाट नाही. आत घसरत उतरायचं. वर यायचं तर एकाने खाली उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या खांद्यावर चढून काठ धरायचा. मग वरच्याने पट्टा सोडून खालच्याला ओढून घ्यायचं.

माझं वजन खांद्यावर घेणारा माणूस अजून जन्मायचाय, असं रूलन म्हणाला. या वेळी थेन हसला नाही.

"थट्टा नाही ही. एकट्या माणसाला तिथून वर येताच येत नाही. कितीही तगडा असू दे. म्हणून सांगतो, एकमेकांना सोडायचं नाही."

लारूचं बोट पेन्सिलीच्या रेघेवरून चाललं होतं. ते चिंचोळ्या भागावरून पुढे गेलं आणि रांजणापाशी थांबलं.

"मग तू कसा वर आलास?" तिने विचारलं.

थेनकडे उत्तर तयार होतं. पुराने रांजण काठोकाठ भरला होता, मी पोहून पलीकडे गेलो. पुरात कधी कधी तसं होतंही, कुणाही जाणत्याला पटलं असतं. गाडी चालवताना त्याने हे वाक्य कितीदा तरी घोकलं होतं. पण दोन वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारणारी ही होती. मघाशी तो नको नको म्हणत असतानाही तिने त्याच्या ताटलीत बटाटे वाढले होते. तिच्याशी ते खोटं बोलणं त्याला जमेना.

रूलनने काटा खाली ठेवला.

"जॅरम उंच होता," लारू म्हणाली. "तो खाली उभा राहिला असेल."

थेनने मानेनेच हो म्हटलं.

"पट्टा कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"मग?"

"पाण्याचा आवाज आला, मॉम. तो हाका मारत होता. मी पळालो."

रूलन टेबलाचा आधार घेऊन उठू लागला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. लारूने त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला परत खाली बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. थेनने उठून गाडीची किल्ली चाचपली. आपल्याला या घरात परत यायला मिळणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

"बस," ती म्हणाली. "परवाना तिघांचा आहे. आपण जाणार आहोत."

थेन परत बसला. "तिथे मी खाली थांबेन. तुम्ही दोघं आधी चढा."

"नाही. आधी तूच चढायचंस. रूलन तुला खांदा देईल." तिने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. "मी खाली थांबेन. तिथून वर बघताना जॅरमला काय दिसलं, ते मला बघायचंय."