समोरचं दुकान

नवरा गेला त्याच महिन्यात न्हुंगला तिच्या धाकट्या दिराने, थोआयने, फुट्सक्रे या उपनगरातल्या घरच्या नूडल्सच्या दुकानातून काढलं होतं. “वहिनी, गिऱ्हाइकांना रडका चेहरा नको,” असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. आज तिने बरोबर समोरच स्वतःचं फो नूडल्सचं दुकान उघडलं, तर तोच हसत हसत फुलं घेऊन आला. “या भावोजी, खिडकीशी बसा. इथून तुमचं दुकान छान दिसतं.” त्याच्या दुकानातल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या; इथे मात्र दाराबाहेरपर्यंत रांग लागली होती. त्याने रस्सा चाखला आणि थबकला. “ही तर दादाची चव!” “तुमचे दादा नुसते वाढायचे. शिजवायची मीच.” तो उठायला लागला, तसा तिने वाडगा पुन्हा भरला. “बसा हो, तिकडे कोण खोळंबलंय?” रांगेतली माणसं हसली. तेवढ्यात त्याच्या दुकानातून सासूबाई बाहेर आल्या आणि दाराला कुलूप घालून, रस्ता ओलांडून रांगेत उभ्या राहिल्या.