नववं घरटं

"आज बी न्हाई फुटली का गं अंडी?" बायनाबाईनं विचारलं.

हीनानं दुर्बीण खाली घेतली. "नाही ना, मावशी. चारही तशीच दिसतात. टिटवी मात्र बसलेली नाही."

"पानी प्यायला गेली आसंल. ऊन काय कमी हाय व्हय?"

"असेल," म्हणत हीनानं वही मिटली.

माजलगाव धरणाचं पाणी ओसरलं की काठच्या रानात टिटव्या अंडी घालतात. त्यातली किती जगतात, हे बीडच्या कॉलेजातल्या हीनाला बघायचं होतं. बेत पक्का होता: दर चौथ्या दिवशी यायचं, बांधावरूनच बघायचं, जवळ जायचं नाही, खुणेची काठीही रोवायची नाही. माणसाच्या मागावर कावळे येतात. घरटी नऊ, सगळी बायनाबाईनं दाखवलेली. या काठाला शेळ्या राखण्यात तिचा जन्म गेला होता.

आठ घरट्यांचा निकाल लागला होता. पाचांतून पिल्लं निघाली, कुत्र्यांनी दोन फस्त केली, एक ट्रॅक्टरखाली गेलं. नववं फुटलं की हीनाचं काम संपणार, म्हणजे तिचं येणंही. नवरा गेल्यापासून बायनाबाईला बोलायला होतं कोण? शेळ्या! आणि त्यांना दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही.

"खरं तर तीस दिवसांत फुटायला हवीत," हीना म्हणाली. "पण उशीर होतो कधी कधी."

"व्हतो की! लई उशीर व्हतो."

बाभळीखाली दोघी भाकरी-ठेचा खायला बसल्या.

"मावशी, बोटं काळी कशानं?"

"तवा घासला सकाळी. खा गुमान."

दोघी पोटभर हसल्या. हीनाची स्कूटी वळणाआड गेली, तशी बायनाबाई तव्याची काजळी घेऊन घरट्याशी गेली. पिल्लं निघून पंधरा दिवस झाले होते. अंड्यांच्या जागी तिनं मांडलेल्या चार दगडगोट्यांवरचे टिपके वाऱ्याधुळीनं पुसट झाले होते. एकेकावर बोट टेकवत ती पुटपुटली, "लबाडी हाय, माय. पन तुज्याबिगर करमत न्हाई."

चौथ्या दिवशी हीना वेळेवर आली. गळ्यात दुर्बीण नव्हती.

"आता गं? बगनार कशानं?" बायनाबाई चरकली.

हीना बाभळीखाली ऐसपैस बसली आणि पिशवीत हात घातला.

"मावशी, तव्याची काजळी लवकर उडते. ही काजळाची डबी घ्या, टिपके टिकतील."