दाराचं काम

पेशंट मरायला टेकली होती आणि दार उघडत नव्हतं.

दार म्हणजे नववीतली एक मुलगी. अंगावर पुढून-मागून तपकिरी पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रंगवलेली कडी, दोन्ही हात पसरलेले. मुलींच्या बालगृहाचं ते छोटंसं स्टेज. अर्धं घराच्या आत, अर्धं बाहेर, आणि मधे ही. बाहेर डॉक्टर. डॉक्टर म्हणजे बालगृहाचे अधीक्षक. साऱ्या संस्थेत मिशी असलेला माणूस तेवढा एकच, म्हणून डॉक्टरकी त्यांच्याकडे गेली होती.

"दार उघडा," डॉक्टर म्हणाले. त्यांचं पुढचं वाक्य आत गेल्यावर होतं.

दार ढिम्म.

विंगेत नाटकाच्या बाईंनी श्वास रोखला. तालमीचा त्यांचा नियम साधा होता: दाराला विचारल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, आणि उघडायचं की नाही ते दारानं ठरवायचं. हे काम त्यांनी मुद्दाम या पोरीला दिलं होतं, कारण तिच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलंच नव्हतं. कुणी कपडे धू म्हटलं, की ही धुवायची. कुणी ताटातलं उचललं, की ही ताटच पुढे सरकवायची. तालमीतही दार सगळ्यांना उघडलं. डॉक्टरांना, चोराला, खुर्ची न्यायला आलेल्या शिपायाला. एकदा मांजराला, त्याने तर विचारलंही नव्हतं.

"अगं, मनात नसेल तर नको ना उघडूस," बाई रोज सांगायच्या.

"बरं," म्हणायची, आणि उघडायची.

आता मात्र अधीक्षकांनी आवाज बदलला. हा डॉक्टरांचा आवाज नव्हता. या आवाजाला सगळं बालगृह उठून उभं राहायचं. "ए, उघड," म्हणत त्यांनी दाराचा खांदा हलकेच लोटला.

"हात काढा," दार म्हणालं. "आधी विचारा."

नाटकात दाराला एकही वाक्य नव्हतं.

"विचारलं की."

"विचारलं नाहीत. सांगितलंत."

पहिल्या रांगेतले देणगीदार पुढे सरकून बसले. आतली पेशंट कण्हून कण्हून थकली होती; तिने आपल्या मनाने खोकला सुरू केला.

अधीक्षकसाहेबांनी हात मागे घेतला. "आत येऊ का?"

दाराने विचार केला. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघितलं. बाईंच्या हातात पडद्याची दोरी होती. एक हिसका दिला असता तर सगळं निभावून गेलं असतं. बाईंनी दोरीवरचा हात काढला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नको," दार म्हणालं.

साहेबांना उभ्या नोकरीत कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं ते पुठ्ठ्याने. त्यांनी मिशी पुसली. मग ते एक पाऊल मागे सरले.

"बरं. मग औषध इथूनच सांगतो. पेशंट, ऐकू येतंय का?"

"येतंय, डॉक्टर," मरता मरता पेशंट म्हणाली.

"पाणी उकळून प्या."

"प्यायले."

"कसं वाटतंय?"

"एकदम बरं वाटतंय," म्हणत ती टुणकन उठून बसली.

टाळ्या थांबेनात. नाटक असंच लिहिलंय, अशी देणगीदारांची खात्री पटली होती. चोर, पेशंट, शेजारीण, सगळ्या रांगेत येऊन वाकल्या. साहेब तर इतके वाकले, की गळ्यातला स्टेथोस्कोप जमिनीला लागला.

दार मधोमध ताठ उभं.

"वाक की गं," बाई डोळे पुसत विंगेतून कुजबुजल्या.

"दार कुठं वाकतं, बाई?"