आमीनच्या आधी

“आमीन.” पडद्यापलीकडून एवढंच आलं. मग जानमाज, नमाजची चटई, गुंडाळल्याची सळसळ, आणि शिलाई मशीन सुरू.

सुनेनं सुई तशीच शर्टात टोचून ठेवली. आजचा नववा दिवस. सासूची दुआ ऐकू येत होती. अरबी, शुद्ध, कुठं अडखळणं नाही. पण त्या दुआत घरातलं कुणीच नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, मध्ये पडदा. पुढच्या खोलीत सासू शाळेचे गणवेश शिवायची. मागच्या खोलीत सून त्यांना काज-बटणं करायची, एका पायानं बाळाची झोळी हलवत. सासूला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची. गळ्यात कायम टेप आणि तोंडात मापं. लग्नाला दीड वर्ष झालं तरी सुनेशी तिचं बोलणं इंचांच्या पुढं गेलं नव्हतं. “बाही अर्धा इंच आत घे.” “दुसरं बटण खाली गेलंय.” तेही हळू, कापडालाच सांगितल्यासारखं. नवरा दूरच्या शहरात कामाला. दोन महिन्यांतून एकदा चार दिवस यायचा. बाकीचे दिवस सून बाळाशी बोलायची, आणि बाळाला अजून हुंकारही धड देता येत नव्हता.

पण नऊ दिवसांपूर्वीपर्यंत नमाजनंतर सासू हात उचलायची, तेव्हा मात्र खणखणीत बोलायची. सुरुवात अरबीत, शेवट आमीनवर, आणि मधला सगळा संसार आपल्या बोलीत. तिची आई असंच मागायची, आजीही.

“अरे माझ्या मालका, पोराला वेळेवर जेवायची अक्कल दे. माझे हे गुडघे बघ जरा. शेजारणीच्या जिभेला थोडा आराम दे. आणि ती आत बसलीय ना, तिच्या बोटाची सुईनं चाळण झालीय. सांगणार नाही, घुमी आहे. माहेरची आठवण आली की नळ सोडून रडते. तिला वाटतं, मला नुसतं पाणीच ऐकू येतं. सांभाळ रे तिला. लेकरूच आहे अजून.”

पडद्याआड सुई थांबायची. या घरात दिवसातून पाच वेळा तिचा विषय निघायचा, तोही इतक्या मोठ्या दरबारात. त्या बोटाच्या दुआनंतर दुसऱ्याच दिवशी बटणांच्या डब्यात बोटात घालायची लोखंडी टोपी निघाली. कुणी ठेवली ते तिनं विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. वरून आली असं समजून तिनं ती बोटात घातली.

मागच्या खेपेला नवऱ्यानं ती दुआ ऐकली. चिडला नाही, हसलाच. “अम्मा, अल्लाह काही बहिरा नाही. आणि त्याच्यापुढं शेजारणीच्या चहाड्या कसल्या सांगतेस? इतक्या सुंदर दुआ आहेत, त्या म्हण की.” त्यानं मोठ्या अक्षरांत त्या लिहून काढल्या, कागद भिंतीला चिकटवला आणि सुट्टी संपली तसा गेला. सासूनं मुलाचा शब्द राखला. ओळ न ओळ पाठ केली.

काल फोनवर त्यानं विचारलं, “अम्मा कागदावरचंच म्हणते ना?”

“हो. एकही चूक नाही.”

“बघ! म्हटलं होतं ना मी?”

मग त्यानं बाळाचं विचारलं. तिचं विचारायच्या आत रेंज गेली.

आज दुपारी जानमाज गुंडाळून झाल्यावर सासू भिंत धरून उठली होती. पडद्याच्या फटीतून सुनेला ते दिसलं होतं. दोनदा प्रयत्न करून, तिसऱ्यांदा उठली. नऊ दिवस झाले, त्या गुडघ्यांचं कुणालाच सांगून झालं नव्हतं. म्हणजे या घरात फक्त आपणच एकट्या पडलो नाही, हे सुनेला तेव्हा कळलं.

ती उठली. हातपाय-तोंड धुऊन वजू केला. झोळीशेजारी जानमाज अंथरून नमाज पढली आणि हात उचलले. अरबी शब्द संपले. एरवी पुढचं सगळं ती मनातल्या मनात मागायची. आज ओठ हलवायचे होते. चुकीचं ठरलं तर? नवऱ्याला कळलं तर?

“अरे मालका,” ती पुटपुटली, “अम्मांचे गुडघे दुखतायत. त्या सांगत नाहीत. तेल चोळून देईन म्हणते मी, पण विचारायची भीती वाटते. आणि... त्या बोलत नाहीत ना, तर घर खायला उठतं रे.”

पलीकडं मशीन थांबलं.

तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता बोलणी बसणार. झोळीच्या दोरीची करकर तेवढी. मग पडद्याला अगदी लागून सासूचा आवाज आला.

“जरा मोठ्यानं माग गं. तुला ऐकू जावं म्हणून मी काय कमी घसा फोडला?”