झीज नोकरीची

जयसिंग गोठ्यात उपड्या बादलीवर बसून म्हशीची धार काढत होता. उकिडवं बसणं आता गुडघ्यांना झेपत नव्हतं. बर्फातल्या चौक्यांवर ओझी वाहून त्याचे सांधे झिजले, सैन्यानं चाळिशीआधीच घरी पाठवलं. पण अपंगत्वाची पेन्शन मागितल्यावर ‘ही वयाची झीज’ म्हणून अर्ज फेटाळला. गावात, गडमुडशिंगीत, कुणीकुणी त्याला सोंगाड्याही म्हणालं. त्यानं अपील केलं. आज वकीलबाई दीप्तीचा फोन आला. बायको आक्काताईनं तो त्याच्या कानाला लावला. “काका, जिंकलो आपण. झीज नोकरीमुळंच झाली, असं न्यायाधिकरणानं मान्य केलंय.” जयसिंगचे हात थांबले. त्यानं म्हशीच्या कुशीला डोकं टेकलं. खांदे हलू लागले. आक्काताईनं घाबरून फोन ओढला. “पोरी, जिंकलो म्हणतीस अन् हे रडाय लागलेत. ह्यास्नी नीट ऐकू आलं न्हाय वाटतं. परत सांग.” “आलंय की ऐकू,” जयसिंग डोळे पुसत म्हणाला, “पण परत सांगू दे तिला.”